उपाशी आणि उपास

पिंपरी, १२ मार्च १९५७

चि. सौ. इंद्रायणीस अक्काचा आशीर्वाद.

आबाजीच्या रक्तात दोष नाही. आधी हे वाच, मग चूल पेटव.

छातीत दुखते म्हणून कारखान्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला उपाशी बोलावले. तुझा नवरा तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी खाऊन गेला. नळीतले रक्त गोठल्यावर वर सुटलेले पाणी दुधासारखे पांढरे निघाले. मला आम्हा भावंडांचे वडील, अण्णा आठवले. तेही छाती धरूनच गेले.

काही खाल्ले का, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा हा माझ्याकडे वळून म्हणतो, "अक्का, उपासाचंच खाल्लं की."

डॉक्टर भले. त्यांनी समजावले, की चरबी रक्तात विरघळत नाही. प्रथिने तिला वाहून नेतात, आणि खाल्ल्यावर ते ओझे असे दिसते. काल खरोखर उपाशी नेले. पाणी स्वच्छ, कोलेस्टेरॉलही बेताचे. त्यांचे उपकार विसरू नये.

मुले वेळेवर जेवतात ना?

आबाजीला आज पोटभर रागावले. रागवायला तो समोर आहे, एवढे मला पुरे.

तुझी,
अक्का