शक्तीच्या गोळ्या

१२ एप्रिल, सोमवार. निरवांगी

रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. काकूनं तासाभरात सगळ्या पाहुण्यांना फोन केले, "आमच्या कोमलला कोरोना झालाय!" काय तो थाट. जणू मी बारावीत पहिली आले. आणि पाच महिने टीबीच्या गोळ्या खातेय, तर त्या आजाराचं नाव या घरात कुणी काढत नाही. 'तिचं ते' म्हणतात. आता निदान उघड्यावर खोकता येतं. कोरोनाचा खोकला म्हणून.

१३ एप्रिल. पाडवा

गुढी उभारतोय तोवर गाडी दारात. इंदापूर, वसतिगृहातलं कोविड सेंटर. फॉर्म तात्यांनी भरला. तात्या म्हणजे थोरले चुलते, घरातलं सुप्रीम कोर्ट. 'इतर आजार' पुढे वळणदार अक्षरात 'नाही'. मग माझ्याकडे बघून, "दिदीचा साखरपुडा हुईस्तवर त्वांड उघडायचं न्हाय."

दिदीचं जमलंय. मुलगा लोणी देवकरला कंपनीत. लाखात एक, म्हणे. मी पाहिलाय. मिशी बरी आहे.

१४ एप्रिल

गोळ्या गेल्या.

आशाताई आमच्याकडे टीबीची पाकिटं पिठाच्या पिशवीत घालून मागच्या दारानं आणते. तात्यांचा हुकूम. मग आई एकेक गोळी सोलून कॅल्शियमच्या बाटलीत भरते, पाकिटं चुलीत. कुणी बघितलं तर शक्तीच्या गोळ्या. तीच बाटली बरोबर दिली. सकाळी सिस्टरनं उशाची उचलली. "शक्तीच्या गोळ्या हितं आमीच देतोय. घरचं काय ठेवायचं न्हाय." बाटली ऑफिसात. आजची गोळी राहिली. एवढी हुशारी केली आमच्या लोकांनी की सरकारी सिस्टरसुद्धा फसली. शाबास.

शेजारची खाट कुणाची? दिदीच्या होणाऱ्या नवऱ्याच्या भिगवणच्या आत्याची. अख्ख्या तालुक्यात दुसरी बाई नव्हती आजारी पडायला.

१५ एप्रिल

तात्यांना फोन लावला. "चार दिसानं काय आभाळ कोसळतंय व्हय?"

उसाची पाणीपाळी एक दिवस पुढे गेली की हाच माणूस घर डोक्यावर घेतो. पुतणीची फुप्फुसं काय, थांबतील. आशाताईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मधेच सोडलंस तर आजार परत उठतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही. तेव्हा तात्याच मान डोलवत होते.

आई फोनवर नुसती रडली. रडायला काय लागतं.

मला भीती वाटतेय. लिहून ठेवते, म्हणजे नंतर शूरपणाचा आव आणता येणार नाही.

१६ एप्रिल

दिदीचा फोन. "गोळ्या माग गं. माझं काय व्हायचं ते हू दे."

वाटलं, या घरात एक तरी माणूस आहे. तेवढ्यात, "पर हळू सांग."

हळू! सिस्टरच्या अंगावर तो पांढरा पोशाख, दोन मास्क, वर काच. साधं पाणी मागायला तीनदा ओरडावं लागतं.

आत्या मोसंबं सोलत होत्या. "पोरगी लय बारीक गं. कोरोनानं पार खाल्ली." हो आत्या, चार दिवसांत खाल्ली. तिसरा दिवस बिनगोळीचा.

१७ एप्रिल, शनिवार

सांगितलं.

आधी हळू. "काय?" मग जरा मोठ्यानं. "काय म्हंतीस?" मग बोंबललेच, "टीबीच्या गोळ्या हायत त्या!"

कोपऱ्यातल्या बाईनं, जिला स्वतःला कोरोना आहे, नाकाला पदर लावला. मला हसूच आलं. डॉक्टर आले. "वेडी आहेस का? आधी का नाही सांगितलंस?" म्हटलं, फॉर्म बघा, अक्षर छान आहे. बाटली परत आली. त्यांच्यासमोर गोळ्या घेतल्या. थुंकी पुन्हा तपासणार आहेत. काय निघेल ते निघेल.

तात्यांचे फोनवर फोन. म्हणजे बातमी गावात पोचली. उचलले नाहीत.

आत्या दुपारपर्यंत मोबाईलमध्ये डोकं घालून बसल्या. मला वाटलं, आता खाट बदलून मागणार, भाच्याला फोन करणार, दिदीचं मोडलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. पाठीमागून अगदी हळू आवाज आला, "लघवी अजून केशरी व्हतीया का गं?"

वळून बघतच राहिले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या गोळ्या ज्यानं खाल्ल्यात त्यालाच ते ठाऊक.

"आत्या, तुमी कधी घेतल्या?"

त्यांनी घाईनं मोबाईल कानाला लावला. "हां, बोल रं," म्हणाल्या, आणि खिडकीकडे गेल्या. फोन वाजलाच नव्हता.