पिवळ्या टोपीचा इसम

दि. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला की मी शिडीवर असतो आणि तू रडत असतेस, म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे पत्र लिहितोय. अक्षराला हसू नकोस. मी शाळा सोडली की शाळेने मला, हे गुरुजींनाच माहीत.

पडद्यांच्या दुकानातलं काम झकास चाललंय. मालकीणबाई आता खिडक्यांची मापं घ्यायला मला एकट्याला पाठवतात. सुट्टीत तुझ्या फोनमध्ये ते ‘पहारा’ ॲप घालून त्यात माझी गल्ली लावून दिली होती, ते उघडत जा. आसपास चोरीमारी दिसली की लोक त्यात लिहितात. इकडे कुत्रंसुद्धा भुंकत नाही, हे तुला घरबसल्या कळेल आणि झोप तरी लागेल.

काकांना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुझा,
भिंगरी


दि. १२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

झोप कसली लागते, बाबा! तुझ्या गल्लीत एक बदमाश फिरतोय. काटकुळा, पिवळ्या टोपीचा, एक डोळा मिटून लोकांच्या खिडक्या न्याहाळतो आणि हातावर काहीबाही खरडतो, असं तिसऱ्या मजल्यावरच्या कुणा बाईंनी ॲपवर लिहिलंय. चालणंही म्हणे चोराचं.

त्याखाली ‘मीही पाहिलं’ असं बटण आहे, ते मी लगेच दाबलं. पाहिलं नव्हतं, पण मेला डोळ्यांसमोर तर उभा राहिला ना! मग काकांना दाबायला लावलं, थोरल्या वहिनीला, नव्या सूनबाईला. परगावच्या मामांनी तर दोन-दोन फोनवरून दाबलं. आधी तुझ्या गल्लीवर पिवळा ठिपका होता, आता लालभडक झालाय. काका म्हणाले, पोराच्या जिवाचा प्रश्न आहे, कुणी मागे राहायचं नाही.

आतून कडी लावत जा. तो दिसलाच तर मर्दुमकी न दाखवता पळ काढ.

तुझ्या काळजीने अर्धी झालेली,
आत्या


दि. २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अगं आत्या, तो बदमाश मीच!

टोपी दुकानाची आहे. पडदा किती जाड हवा ते ठरवायला आधी समोरच्या फुटपाथवरून ऊन बघावं लागतं, म्हणून डोळा मिटतो. मापं हातावर लिहितो, कारण माझ्याजवळ कागद टिकत नाही. आणि चोरासारखा चालतो, कारण चपलेचा अंगठा तुटलाय. खरं सांगू, ते वाचून मीही घाईघाईने बटण दाबलं आणि त्या टोपीवाल्याला शोधत गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. लोकांना आणखीनच संशय आला.

आता कुणी दार उघडत नाही. एका काकूंनी बंद दाराआडून ओरडून माप सांगितलं, तर पडदा टॉवेलाएवढा शिवला गेला. मालकीणबाई म्हणाल्या, या महिन्यात गिऱ्हाइकं दारं उघडायला लागली नाहीत तर टोपी इथे ठेव आणि घरी जा. मला यायचं नाही गं. जन्मात पहिल्यांदा एका जागी मन लागलंय. सगळ्यांना दाबलेलं मागे घ्यायला सांग.

तुझा बदमाश,
भिंगरी


दि. २६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काटकुळा? तू काटकुळा झालास आणि मला कळवलं नाहीस? इथून गेलास तेव्हा गालाचा चिमटा घेता येत होता. म्हणून तर ओळखलं नाही मी.

दाबलेलं मागे घ्यायची सोयच नाही त्यात. सूनबाईने बोट दुखेपर्यंत शोधलं. पाहिल्याचं बटण आहे, न पाहिल्याचं नाही. न बघता दाबायला कुणी सांगितलं होतं, म्हणून काका आमच्यावरच डाफरले. त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं, तेव्हा तोंडासमोर पेपर धरला.

पण खाली चार ओळी लिहायला जागा आहे. तिथे सगळ्यांनी खरं ते लिहिलं. मी लिहिलं, हा माझा भाचा, पाल दिसली की खोली सोडून पळतो, तो कुणाचं घर काय फोडणार. वहिनीने लिहिलं, लहानपणी बिस्किटं चोरायचा, पण लगेच येऊन सांगायचा. मामांनी तुझा टबात आंघोळ करतानाचा फोटो टाकलाय. तो काढता येत नाही. रागावू नकोस.

पोटभर जेव. चप्पल घे.

आत्या


दि. ८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अब्रू गेली, नोकरी वाचली. ठिपका लालच आहे, पण तुमचं वाचून गल्ली हसून गडाबडा लोळतेय. दार उघडलं की लोक आधी फोटो बघतात, मग मला, मग आत घेतात. काल एका आजोबांनी मुद्दाम पाल दाखवायला नेलं. मालकीणबाईंनी स्वतःच्या हाताने टोपी माझ्या डोक्यावर आदळली.

एक मात्र खुपतं. माझ्यामागे तुम्ही होतात. ज्याला आत्या नाही, त्याने काय करायचं? मी ते ॲप काढून टाकलंय. तूही काढ.

आज त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनीच बोलावलं होतं. खाली मान घालून चहा दिला. म्हणाल्या, रस्त्याकडे बघून बघून नको नको ते मनात येतं, असा जाड पडदा लाव की बाहेरचं काही दिसायलाच नको. मी मन लावून माप घेतलं. चपला घालत होतो, तर मागून हळूच म्हणाल्या, डावीकडे दोन बोटं फट ठेवशील ना?

ठेवतो म्हटलं.

मायेत खंड नसावा. फोटोंत असला तरी चालेल.

तुझा,
भिंगरी