पहिली वेलांटी

प्रिय पिलू,

पहिली वेलांटी! बघितलीस ना? तेवढ्यासाठी दोन कागद फाडले मी, हा तिसरा. का ते सांगतेच, पण मला क्रमाने सांगू दे, नाहीतर माझं नेहमीसारखं होईल, शेवट आधी आणि सुरुवात कुठेच नाही. अकरा महिने आपण एकमेकींशी धड बोललेलो नाही, तुझी मावशी इकडचे निरोप तिकडे पोचवून दमली, हे काही मी विसरलेली नाही. पण आज मला रुसायला फुरसत नाही गं. सकाळपासून माझा पाय जमिनीवर ठरत नाहीये. कपाळावरचा चष्मा दुकानभर शोधून झाला आणि तेलाच्या डबीत पेन बुडवून झालं.

तर झालं असं. सकाळी कोपऱ्यावरचा उंच शिंपी आला, शिलाई मशीन खांद्यावर घेऊन. खालचा धागा पीळ घेऊन तुटतोय म्हणाला. हे दुखणं मी पूर्वी एकदा बरं केलंय आणि तुझ्या विकीत लिहून ठेवलंय, हे मला पक्कं आठवत होतं. तुझी विकी म्हणजे माझी वही. किती नाकं मुरडली होती मी तिला! तेलकट हातांनी फोनवर कोण लिहीत बसणार, म्हणून. तू मात्र हट्टाने ती दुकानातल्या कॉम्प्युटरवर आणि आपल्या दोघींच्या फोनवर बसवलीस. एकेका मशीनचं, सुट्या भागाचं, बिघाडाचं एकेक पान. एखादा शब्द दोन चौकोनी कंसांत टाकला की त्याचाच दरवाजा होतो, बोट लावलं की त्या नावाचं पान उघडतं. गिऱ्हाइकाच्या घरी फोनवर लिहावं, दुकानात परत येईपर्यंत कॉम्प्युटरवर हजर. तू त्याला सिंक म्हणायचीस आणि मी शिंक. आता खरं सांगते, त्या वहीशिवाय माझं पान हलत नाही. चारशे बारा पानं झालीत! डॉक्टरीणबाईंच्या मशीनचा आजार तर त्यांच्या कुठल्याही पेशंटपेक्षा लांबलचक लिहिलाय.

तू गेलीस त्या दिवसाचं लिहायला हात जड होतो, पण लिहिते. तुला मशिनींच्या त्या मोठ्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि मी म्हणाले होते की दुकानाचा उंबरा ओलांडलास तर पुन्हा मला काही विचारायला येऊ नकोस. आई असून बोलले. तू बॅग उचललीस आणि दारातून एवढंच म्हणालीस की मला काय सांगायचंय ते वहीत लिहून ठेवलंय, माझ्या नावाचं पान उघड. तू कोपऱ्यावर वळायच्या आत मी फोन काढला आणि लिहिलं, पीलू. दुसरी वेलांटी! अगं, तू रांगत होतीस तेव्हापासून हाक मारतेय ती लांबवूनच, पीऽलू, मग लिहितानाही बोट दीर्घावरच जाणार ना? वही म्हणाली, हे पान अजून नाही, तयार करू? मी तिथेच स्टुलावर बसले. वाटलं, पोरीने जाता जाता माझी थट्टा केली, कोरं पान हातात दिलं. आपणहून तुला फोन करणार नाही अशी तिथल्या तिथे शपथ घातली स्वतःला, आणि माझ्या शपथा कशा असतात ते तुला माहीतच आहे.

आज शिंप्यासाठी मी पीळ शोधायला बसले आणि घाईघाईत तिथे नेमकी पहिली वेलांटी दिली. जिथे ह्रस्व हवं तिथे दीर्घ, जिथे दीर्घ हवं तिथे ह्रस्व, माझा सगळा उलटा कारभार. 'पि' एवढंच पडलं आणि वहीने खाली दोन नावं धरली, पितळी बुश आणि पिलू. हातातला पाना गळून पडला माझ्या. शिंपी बिचारा घाबरला, त्याला वाटलं त्याची मशीन गेली.

पिलू, अकरा महिने ते पान माझ्या खिशात होतं. तू लिहिलं होतंस की मी दुकान सोडत नाहीये, वर्षभर कारखान्यात राहून नव्या मशिनी उघडायला शिकते, मग आपण दोघी दुरुस्तीचा वर्ग काढू, जुन्या मशिनी तू शिकव, नव्या मी शिकवते. शिकवशील का, असं विचारलं होतंस. पुढे लिहिलं होतंस, हो असेल तर याच पानावर हो लिही, मी रोज बघेन. नाही असेल तर काही लिहू नकोस, मी समजून घेईन. कप्पाळ माझं! मी काहीच लिहिलं नाही आणि तू शहाण्यासारखं समजून घेतलंस. त्याखाली दर आठवड्याची एकेक ओळ, 'आई, बघितलं.' आणि चार महिन्यांपूर्वीची शेवटची, 'आज बघितलं. आता नाही बघणार.' मी गिऱ्हाइकासमोर हमसाहमशी रडले. शिंप्याने मला माझ्याच माठातलं पाणी आणून दिलं.

मग मात्र हसायला आलं. कारण ती दुसऱ्या वेलांटीची पीलू, ती मीही कोरी ठेवली नव्हती. आधी राग काढला तिच्यावर, मग सवयच लागली. आज हे शटल बसवलं, आज तुझ्या खुर्चीचा पाय जोडला, आज वरची सुई ओवायला तुझे डोळे हवे होते. तू तुझंच पान उघडायचीस, मी माझंच, आणि यादीत दोन्ही एकाखाली एक बसलेली! वरचा धागा चालू, खालचा धागा चालू आणि टाका काही पडत नाही, असं आयुष्यभर लोकांच्या मशिनींचं बघत आले, आपलं नाही दिसलं. खूप चुकले गं मी. वेलांटी तर चुकलीच, पण त्याआधी दारात जे बोलले ते जास्त चुकलं.

तुझ्या पानावर मी लगेच हो लिहिलं, एकदा लिहून भागेना म्हणून ओळभर लिहिलं, आणि शिंक दिली. कॉम्प्युटरवर उमटलं. तुझ्या फोनच्या नावापुढे मात्र अजून शेवटची शिंक 'चार महिन्यांपूर्वी' अशीच दिसतेय. फोन करायला घेतला होता, पण आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, आणि तू लिही म्हणाली होतीस. शिवाय कालच मावशी म्हणाली की कसल्याशा वर्गासाठी घेतलेली मोठ्या खिडक्यांची खोली तू या शनिवारी सोडणार आहेस. काल मी म्हटलं, सोडू दे, मला काय! मावशी उद्या सकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघतेय, हे पत्र तिच्या हातात देतेय, ते तू तिच्यासमोर वाचायचंस. खोली सोडू नकोस. मी येतेय, स्क्रू ड्रायव्हरचा डबा घेऊन. तोवर एकदा वही उघड आणि तुझ्या फोनला शिंक येऊ दे. माझं पान वाच, फक्त पहिला महिना गाळ, शिव्या आहेत. आणि दोन पानांचं एक पान करता येतं का गं? मला नाही जमत. तू कर, आणि नाव तुझ्या वेलांटीचं ठेव.

तुझीच,
दुसऱ्या वेलांटीची आई