निरोगी नमुन्याचे शुद्धिपत्र

३ जून, सकाळी ७.
सूनबाईंनी डॉक्टरीणबाईंस लिहून दिलेला वृत्तान्त सदोष आहे. 'मेमध्ये मुलगी चार दिवस झोपली नाही.' एप्रिलमध्ये, आणि पाच दिवस. त्या काळात नातीने खोलीच्या चारही भिंती रंगविल्या. नंतर तीन आठवडे अंथरूण सोडले नाही. वय सोळा. माझे निदान : मोबाईल.

५ जून.
दवाखाना. डॉक्टरीणबाईंचा संशय 'बायपोलर'वर : कधी उत्साहाचे उधाण, कधी खोल नैराश्य. नुसते नैराश्य समजून गोळी दिली तर उलटू शकते, म्हणून घाई नको म्हणाल्या. रक्ताची एक चाचणी आहे, अद्याप अभ्यासाधीन. 'रक्त अर्धंच सांगतं, आजोबा. उरलेलं घरच्यांनी सांगायचं.' घरात पूर्वी कुणाला असा त्रास? आमच्या घराण्यात असले काही नाही, असे मी सर्वांच्या वतीने सांगितले. चिरंजीव छताचा पंखा पाहत होते. पंखा बंद होता.
तुलनेसाठी निरोगी नातेवाईक हवे आहेत. संकल्प : निरोगी नमुना मी.

८ जून.
रक्त दिले. नात म्हणाली, 'बाटलीवरची तारीख बघून घ्या, नाहीतर रक्त परत मागाल.' पुष्कळ दिवसांनी हसली. तारीख पाहिली. चुकीची होती.

११ जून, दुपारी.
फॉर्म, पृष्ठे अकरा. प्रश्न सातवा : कधी झोपेविना अमाप उत्साह? 'नाही' लिहिले. सौ. खांद्यावरून म्हणाली, 'आणि शब्दकोश लिहायला घेतलात ते वर्ष? तीन आठवडे डोळ्याला डोळा नाही, मग सहा महिने पांघरुणात.' पहिला व्यासंग, दुसरी विश्रांती, असे समजावले. शिवाय सहा महिने नव्हते. 'मग किती होते ते लिहा की.'

१२ जून.
नातीने विचारले, घरात अशी मी एकटीच ना? मी चष्मा शोधू लागलो. डोळ्यांवरच होता.

१४ जून.
सौ.ने डॉक्टरीणबाईंस परस्पर पत्र धाडले. प्रत वाचली. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधन केलेल्या माणसाच्या घरून असा मजकूर जाणे अशक्य. शुद्धिपत्र स्वतः नेऊन दिले :

'तीन आठवडे जागरण' : चूक. २० जुलै ते १६ ऑगस्ट. अठ्ठावीस दिवस.
'सहा महिने पांघरुणात' : चूक. १७ ऑगस्ट ते ९ जानेवारी.
'एकदाच' : चूक. निवृत्तीच्या वर्षी पुन्हा. ३ ते २२ मार्च; नंतर जूनअखेरपर्यंत अंथरुणात.
'आजोबा, निरोगी नमुना' : ८ जून ते १४ जून.
'घरात मी एकटीच' : नातीचे विधान, १२ जून. चूक.