दोरीनं चालू होणारी गाडी

९ ऑगस्ट १९८७, रविवार
शैलाच्या भावाचं पाकीट आलं, मस्कतहून. आत रिमोटच्या गाड्यांचं रंगीत पुस्तक. विलासची चिठ्ठी दोन ओळींची: "दाजी, दसऱ्याला येतोय. एकच आणणार. सेलवरची नगं म्हणालता, म्हणून तेलावरच्या गाड्यांवर खुणा केल्यात."
शैला, "भाऊ माझा, आणि विचारतोय तुम्हाला! मिक्सर मागा की."
मागीन. पुढच्या वर्षी. चाळिशीला आलेला माणूस आणि खेळण्यातली गाडी, हसू देत लोकांना. इंजिन ते इंजिन.

१२ ऑगस्ट
उद्यमनगरात, माझ्या लेथच्या शेडवर इस्माईल आलता. गाड्यांची हूडं शिवतो, राजारामपुरीत घराशेजारीच राहतो, शाळेपासनं बरोबर. पुस्तक बघून येडाच झाला. चहा गार झाला दोघांचा.
शेवटी दोन उरल्या. लाल: चपटी, रेसची, पुस्तकातली सगळ्यात वेगवान. निळी: उंच, खडबडीत चाकांची, मातीवरची, पण सावकाश.
"लाल घे रं! निळी म्हणजे निव्वळ उसाचा ट्रॅक्टर हाय."
मलापण लालच हवी.

१६ ऑगस्ट
आबा गॅलरीत. अंगावरनं वारं गेलं तेव्हापासनं उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. तोंडातनं शब्द न्हाय. डॉक्टर म्हणतात बोलणं येईल, तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी. काय बोलू? गावाचं काढलं की डोळे भरतात, कामाचं काढलं की मान फिरवतात. माझा बाप असा गप्प बसलेला बघवत न्हाय मला.
आज पुस्तक दाखवलं. निळ्या गाडीवर डाव्या हाताचं बोट टेकलं. म्हटलं रंग आवडला असंल. पण बोट होतं इंजिनाच्या बाजूला, दोरीच्या मुठीवर. निळी दोरी ओढून चालू होते. लालला दोरीच न्हाय, तिला खालनं फिरवायला वेगळं मशीन लागतं.
मग मलाच गाव आठवलं, कोडोली. आमचं गुऱ्हाळ, आबांचं ऑइल इंजिन. हंगामाचं पहिलं हँडल त्यांनीच मारायचं, नारळ फोडून. त्याआधी कुणी हात लावायचा न्हाय, मीसुद्धा. माझं काम चामड्याच्या पट्ट्यावर एरंडेल सोडायचं, घसरू नये म्हणून. तापलेल्या एरंडेलाचा वास, वरनं काकवीचा. इंजिननं जोर धरला की आबांची हाळी, "घाला ऊस!" अख्ख्या माळाला ऐकू जायची. मग वीज आली, मोटर बसली, इंजिन मोडीत. आणि आम्ही इकडं...
निळी.

२० ऑगस्ट
विलासला पत्र टाकलं. इस्माईलला सांगितलं. "हट् तुझ्या! ट्रॅक्टर मागवलास व्हय?" तोंड फुगवून बसला. मिसळ पुढं आल्यावर बोलला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
विलास आला काल. खोकं माझ्याआधी शैलानंच फोडलं.
आज शेडवर पूजा. लेथ, ड्रिल धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा. गाडीलापण हळदकुंकू. चाकाखाली लिंबू ठेवलं तर गाडी लिंबावरच चढून बसली! लई हसलो. आबांना रिक्षानं आणलेलं. पहिली दोरी त्यांचीच, ठरलेलंच होतं.
विलास म्हणाला, "दाजी, विमानात तेल घेऊ दिलं न्हाय." म्हटलं, त्यात काय एवढं? टू-स्ट्रोक हाय, लूनाचं पेट्रोल-ऑइल घालू. इस्माईलनं मान डोलावली. सोबतचं माहितीपत्रक खोक्यातच. गाड्यांत आणि मशिनींत हयात गेलेली माणसं आम्ही, कागद कोण वाचतंय!
आबांनी ओढली. न्हाय. परत. न्हाय. डाव्या हाताची शीर टरारली, घाम आला, तरी ओढत होते. मग मूठ सोडली आणि हाताकडं बघत बसले. त्यांना वाटलं, हाही हात गेला.
रात्री जेवले न्हाईत.

३ ऑक्टोबर
शैलानं माहितीपत्रक वाचलं. "अहो, पेट्रोल चालतच नाही याला! मेथॅनॉल पाहिजे. आणि कॅस्टर ऑइल."
"म्हणजे?"
"एरंडेल हो."
आम्ही पट्ट्यावर सोडायचो तेच!
आबांना जाऊन सांगितलं, हात न्हाय चुकला तुमचा, तेल चुकलं, गाढव मी. ऐकून घेतलं. भिंतीकडं तोंड केलं.

८ ऑक्टोबर
मेथॅनॉल मिळालं, इस्माईलच्या मेव्हण्याच्या ओळखीनं, रंगाच्या कारखान्यातनं. विषारी असतंय. शैलानं बाटलीला लाल चिंधी बांधून माळ्यावर ठेवली. एरंडेल वाण्याकडनं. "पोट साफ होईना का?" म्हणाला. पेट्रोलनं गाडीची नळी फुगलेली, सायकलच्या व्हॉल्वची ट्यूब कापून बसवली. सगळं तयार.
आबा यायला तयार न्हाईत. विचारलं की मान हलवतात.
इस्माईल, "तू ओढून बघ की लेका. चालू होते का तेवढं कळंल."
न्हाय. पहिली ओढ आबांची. न्हाय आले तर ऱ्हाईल तशीच कपाटावर. विलास परवा परत गेला, गाडी चालू झालेली न बघताच. वाईट वाटलं त्याचं.

११ ऑक्टोबर, रविवार
सकाळी आबांच्या पुढ्यातच एरंडेलाचं बूच काढलं. मुद्दाम. तळव्यावर घेऊन जरा चोळलं. आबांनी माझा हात धरला, नाकाजवळ नेला. बराच वेळ सोडला न्हाय. मग पायानं चप्पल शोधायला लागले.
शाळेच्या मैदानावर गेलो. आबांना स्टुलावर बसवलं. इस्माईलनं गाडी दाबून धरली, प्लग तापवायला सेल लावला. आबांनी ओढली. फट् करून थांबलं. दुसऱ्यांदा ओढली आणि काय किंचाळली गाडी! निळा धूर, आणि तोच वास. तोच. मला रडूच आलं. तेवढ्यात इस्माईलचा हात सुटला, गाडी सुसाट. मी रिमोट घेऊन मागं. पार टोकाच्या गटारीजवळ जाऊन गाठली.
परत आलो तर शैला डोळे पुसतेय.
"काय झालं?"
शैला, "आबा ओरडले! 'घाला ऊस!' म्हणाले. पलीकडच्या पानवाल्यानं वळून बघितलं."
मला ऐकू आलं न्हाय. माझ्या कानात नुसतं इंजिन.
आबांच्या पायाशी बसलो. "आबा, परत एकदा म्हणा की." माझ्याकडं बघितलं, डाव्या गालानं हसले. बोलले न्हाईत. दोरीसाठी हात पुढं केला.
परत ओढली, परत चालू झाली. मी जागचा हललो न्हाय, कान आबांकडं. आबा गप्पच.
तेलाची बाटली अजून अर्धी हाय.