जिन्यावरून पडली

६ ऑगस्ट
कोर्टाचा निकाल आला. शिक्षणाधिकाऱ्यांनी बैठकीत वाचून दाखवला — शिक्षकाने मुलाला मारलं आणि मुख्याध्यापकाने ते झाकलं, तर मुख्याध्यापकही तितकाच दोषी. जुनी प्रकरणंही उघडणार. पाच वर्षांतलं काही असेल तर महिनाअखेरीपर्यंत लेखी कळवा.

हॉलमध्ये आम्ही चाळीस मुख्याध्यापक. शेजारचे म्हणाले, "बाई, तुमचं काय, निरंकच असणार!" मीही हसले.

७ ऑगस्ट
अपघात नोंदवही काढली. तीन वर्षांपूर्वीचं पान. 'इयत्ता आठवी. विद्यार्थिनी जिन्यावरून पडली. डाव्या कानास इजा.' अक्षर माझं. एकही खाडाखोड नाही.

जिन्याचा काही संबंधच नव्हता. शाळा सुटल्यावर गणिताच्या सरांनी तिला वह्या घेऊन स्टाफरूममध्ये बोलावलं होतं. उलट उत्तर दिलं म्हणून कानाखाली वाजवली. बघणारी मी एकटी, दारात. कानातून रक्त आलं. मीच गाडीतून दवाखान्यात नेलं, आणि सिग्नलला थांबलो तेव्हा म्हटलं, "सरांना निवृत्तीला चार महिने राहिलेत गं. जिन्यावरून पडले म्हण. एवढं बाईंसाठी कर."

तिने मान हलवली. रुमाल कानाला धरलेला.

त्या कानाने तिला ऐकू येत नाही. सरांच्या निरोप समारंभात भाषण मी केलं. शिस्त आणि माया, असं काहीतरी बोलले. टाळ्याही पडल्या.

१२ ऑगस्ट
हेडक्लार्कने तक्ता पुढे ठेवला. "मॅडम, निरंक टाकू?" उद्या बघू म्हटलं.

१३ ऑगस्ट
पुन्हा 'उद्या'.

१७ ऑगस्ट, रविवार
तिच्या घरी गेले. आधी आईला सगळं सांगायचं, मग कार्यालयाला — असं ठरवून. रस्ताभर वाक्यं जुळवत होते.

आई शिवणाच्या मशीनवरून उठली. खुर्चीवरचे कपडे घाईने उचलले. "बाई, तुम्ही होतात म्हणून त्या दिवशी लगेच दवाखाना गाठता आला. जन्मभर विसरणार नाही." चहा ठेवला. मी प्यायले. तोंड उघडलं ते बिस्किट खायला.

मुलगी फाटकापर्यंत सोडायला आली. अकरावीत आहे आता, माझ्याहून उंच. चालताना मुद्दाम माझ्या डाव्या हाताला आली — चांगला कान माझ्या बाजूला यावा म्हणून. हळूच म्हणाली, "बाई, निकालाचं वाचलं मी. घाबरू नका. मी कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही."

मी भीतीने आले, असं वाटलं तिला. आणि मी काय म्हणावं? "शहाणी गं माझी." पाठ थोपटली तिची!

हे लिहितानाही कान तापलेत माझे.

२५ ऑगस्ट
दिलं लिहून. दीड पान. सरांचं नाव, माझं नाव, गाडीतलं बोलणं. हेडक्लार्कने वाचलं आणि शिक्का मारला.

घरी यांना नक्कल दाखवली. "नोकरी जाईल गं." मग जेवायला बसल्यावर, "तीन वर्षं रोज समोरासमोर जेवतोय आपण. मला का नाही सांगितलंस?"

मी त्यांना पोळी वाढली.

तिच्या घरी पुन्हा जायला हवं होतं, कागद तिथे पोचण्याआधी. धीर झाला नाही. कार्यालयाला सांगणं सोपं — कागद डोळ्यांत बघत नाही.

८ सप्टेंबर
चौकशी सुरू. सरांनी साफ नाकारलं. अपेक्षितच. आता तिचा जबाब.

१९ सप्टेंबर
चौकशी अधिकाऱ्यांचा फोन. आईला शेजारी बसवून मुलीचा जबाब घेतला. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच — जिन्यावरून पडले, सरांनी हात लावला नाही, बाई उगाच स्वतःवर घेतायत.

"प्रकरण बंद करतोय," ते म्हणाले. "सुटलात तुम्ही, मॅडम."