फुगडीतला भार

अक्का, आज संध्याकाळपासून मी एका जागी बसलेली नाही. दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा प्यायचा राहिला. घरी आल्याबरोबर ह्यांना सांगायला गेले, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, फुगडी खेळली, त्यात एवढं काय? त्यात काय आहे ते तुलाच कळेल. सगळी गल्ली तुला अक्का म्हणायची, म्हणून पोटची पोर असून मीही तेच म्हणत आले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चांगली बातमी आली की तोंडात आधी हाच शब्द येतो.

तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे माझं काम तुला ठाऊक नाही. इथल्या एका इस्पितळात मनाच्या दुखण्यांचा विभाग आहे, तिथे माझी एक खोली आहे. लाल गुळगुळीत जमीन, एक टेबल, दोन खुर्च्या. लोक येऊन बोलतात, मी ऐकते, मधेमधे विचारते. तू म्हणाली असतीस, हे तर मी नळावर रोज फुकट करायचे. डोकं दुखतं, झोप येत नाही म्हणून बायका येतात, आणि चार खेपा झाल्यावर कळतं की त्यांना स्वतःच्या अंगाची लाज खाते आहे. आमच्याकडे वजनाचा काटा उघड्या व्हरांड्यात असायचा. नर्स आकडा कन्नडमध्ये मोठ्याने सांगायची आणि बाकावरचे सगळे मान वळवून बघायचे. मी बरेच दिवस भांडून तो काटा पडद्याआड नेला. लाज मात्र पडद्याआड नेऊन जात नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एक मुलगी यायला लागली. मूळची बेळगावकडची, वडील इथे येलहंक्याला नोकरीला. अंगाने तुझ्यामाझ्यासारखी. तिला बघायला आले होते. मुलाच्या आत्याने तिला अंगणात चालायला लावलं आणि बहिणीला कन्नडमध्ये म्हणाली, खाटेला आणखी दोन पाय लावून घ्यावे लागतील. मराठी घर, कुणाला कळणार, असं त्यांना वाटलं. बेळगावच्या मुलीला कन्नड कळत नाही म्हणजे काय! ती ट्रे ठेवून आत गेली, आणि तेव्हापासून चारचौघांत जेवलेली नाही. सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्याने दोन घास खायची. माझ्याकडेही खुर्चीच्या कडेवर टेकायची, पर्स पोटाशी घट्ट धरून. तिला धीर द्यायला मी पहिल्याच भेटीत बोलून गेले की तू काही एवढी जाड नाहीस. तिने माझ्याकडे सरळ बघितलं.

"एवढी म्हणजे किती हो, मॅडम? तेवढी असते तर लाजलेलं बरोबर होतं?"

तसलं सांत्वन मी त्या दिवसापासून बंद केलं.

गेल्या आठवड्यात ती आली ती एक गोष्ट ठरवूनच. येलहंक्याच्या प्राथमिक शाळेत तिची शिक्षिका म्हणून नेमणूक झाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. ती नकार कळवणार होती. पोरं हसतील, म्हणाली. फळ्याकडे वळले की पाठीमागे हसतील, आणि मला ते ऐकू येईल. घरात राहिली असती तर ती त्या ओट्याशीच राहिली असती, हे मला दिसत होतं. मी काही समजावलं नाही. शेवटचं कधी मोकळं खेळलीस, एवढंच विचारलं. म्हणाली, पंचमीला फुगडी घालत होते. मग एक वहिनी म्हणाली, हिच्याबरोबर खेळू नका, हात उपटून येतील. त्यानंतर नाही.

आणि अक्का, मी चिकपेटेतल्या आपल्या गल्लीतल्या त्या माडीवर मनाने जाऊन पोचते. शेजारच्या नव्या सुनेची मंगळागौर आहे. मी तेरा वर्षांची, खेळायला लागू नये म्हणून स्वयंपाकघरात नारळ खवत बसले आहे, गरजेपेक्षा कितीतरी जास्त नारळ. बाहेर तू पदर खोचून उभी आहेस आणि शेजारची काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते आहे, अक्का नाचायला लागल्या की खालच्या दुकानातले पितळी डबे वाजतात. बायका हसतात. तू म्हणतेस, "वाजू देत की. गौर जागी राहायला नको?" आता त्या तुझ्याबरोबर हसतात. मग तू आत येऊन खवणीवरून माझा हात उचलतेस. मी तुझ्यासमोर उभी राहते, हात गुंफते, पण कोपरं वाकवून, अंग चोरून. फुगडी लंगडते. तू थांबतेस आणि चारचौघींत मला रागावतेस. "सगळा भार स्वतःच धरून ठेवलास, तर मी काय धरू? स्वल्प मागे जा. भार दे." मला रडू येतं, आणि रागाने मी स्वतःला मागे झोकून देते. मग काय झालं ते तुला माहीतच आहे. भिंती फिरल्या, काकू फिरली, आणि तू पडली नाहीस.

हे तिला मी काही सांगितलं नाही. उठले, चपला काढल्या, टेबल भिंतीला सरकवलं आणि हात पुढे केले. ती म्हणाली, इथं? मी म्हटलं, इथंच. पर्स कुठे ठेवावी हे तिला कळेना, शेवटी खुर्चीवर ठेवली. पावलांना पावलं लावली आणि बघते तर तिची कोपरं वाकलेली, अगदी माझ्यासारखी. मी तुझेच शब्द म्हटले. ती म्हणाली, "पडाल की वो मॅडम." मी म्हटलं, पडले तर इस्पितळातच आहे. तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिचे हात सरळ झाले. काय फुगडी झाली, अक्का! पेन, कागद सगळं टेबलावरून खाली. आवाज ऐकून आमचे मोठे डॉक्टर दार उघडून उभे राहिले. दोन भरलेल्या बायका, दोघींचे अंबाडे सुटलेले. क्षणभर बघून "सरी, सरी" म्हणाले, चालू दे म्हणावं तसं, आणि दार हळूच लावून घेतलं. ती घामाने निथळत खुर्चीवर बसली, पूर्ण मागे टेकून. पर्स खाली पडली होती, ती तिने उचलली नाही. शाळेचं काय, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला, मी नुसती येरझारा घालत राहिले.

आज ती शाळा सुटल्यावर बसने थेट आली. बाहीला खडू लागलेला. पहिल्या दिवशी एक पोरगा हसला, म्हणाली, ती थांबली, त्याच्याकडे बघितलं आणि पुढे शिकवलं. दुपारच्या सुट्टीत पोरींबरोबर बसून डबा खाल्ला. आणि डब्यानंतर फुगडी. तिने दोन्ही हात पसरून मला सांगितलं, "रांग लावतात हो माझ्यासाठी. बाईंची फुगडी लई जोरात जाते म्हणतात. भांडणं मिटवता मिटवता घंटा होते!"

मोठ्या डॉक्टरांनी नंतर विचारलं, ही उपचाराची कोणती पद्धत? मी म्हटलं, आमच्या घरची. ते हसले, पण त्याला नुसता उपचार म्हणणं पूर्ण खरं नव्हतं. त्या दिवशी मी उठले ती तिच्यासाठी उठले, असं त्यांना वाटतं. अर्धीच तिच्यासाठी उठले होते, अक्का. तू गेल्यापासून मीही कुणाला भार दिला नव्हता.